बाहेरच्या पंख्यासमोर

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पोचले एकदाची! तीन बॅगा, कणीक मळायचं माझं जाडजूड भांडं आणि मी. नवऱ्यानं, एइलिफनं, हामारला बसमध्ये बसवून दिलं तेव्हा पाऊस होता. इथे नूरमोला उतरले तर सगळं पांढरंशुभ्र आणि आकाश मोकळं. उगाचच हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून त्याची नोंद करून ठेवते.

घर पिवळं, दोन खोल्यांचं, बाहुलीच्या घरासारखं नीटनेटकं. घरमालकीण आस्लाउगबाई अंगणापलीकडच्या मोठ्या घरात एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, नजर अधू, जीभ मात्र धारदार. हे छोटं घर त्यांच्या सासूसाठी बांधलेलं. सासू इथे पंधरा वर्षं राहिली आणि त्यातली चौदा वर्षं माझ्याशी बोलली नाही, फार सुखाचे दिवस होते ते, असं त्यांनी किल्ली देतानाच सांगून टाकलं.

कॉफी आणि तपकिरी चीज घातलेले वॅफल झाल्यावर त्यांनी मला घर गरम करणाऱ्या हीट पंपाची दीक्षा दिली. आत दाराच्या वर लांबट पांढरं युनिट, बाहेर पूर्वेच्या भिंतीला पंख्याचं खोकं. म्हणाल्या, पोरी, एकवीसवर लावलाय, एकवीसवरच ठेव. बाहेर जाताना बंद, आल्या आल्या तीसवर, असले शहरी चाळे नकोत, त्याला धाप लागते आणि वीज खातो ती वेगळी. आतली जाळी दर दोन आठवड्यांनी काढून कोमट पाण्यानं धुवायची. बाहेर खोक्याभोवती बर्फ साचू द्यायचा नाही. शेजारच्या एकानं शोभेसाठी खोक्यावर देव्हाऱ्यासारखी लाकडी पेटी ठोकली आणि पंप गुदमरवून मारला. पात्यांवर बर्फ धरला तर हत्यार लावायचं नाही. त्यांच्या यजमानांनी एकदा पहार घातली, आतली नळी फुटली, सगळा गॅस फुस्स झाला आणि मेकॅनिक येईपर्यंत नऊ दिवस दोघं लाकडाच्या शेगडीपाशी एका गादीवर झोपले. लग्नानंतर इतके जवळ तेव्हाच आलो, असंही म्हणाल्या.

दर तासा-दीड तासानं पंखा थांबेल, सुस्कारा टाकेल, वाफ सोडेल. घाबरायचं नाही, अंगावर धरलेला बर्फ तो स्वतःच वितळवतो. झाकण मात्र मेकॅनिकशिवाय कुणी उघडायचं नाही. मग रबर लावलेली एक पुस्तिका ड्रॉवरमध्ये ठेवत म्हणाल्या, यात सगळं लिहिलंय, पण ती कुणी वाचत नाही, मीही वाचलेली नाही.

आता एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे रोज लिहावी लागणार नाही. सिवर्टला जाऊन नऊ महिने झाले. पाच महिन्यांचा होता. दुपारी झोपला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, अशी बाळं जातात, कारण सापडत नाही, यात कुणाचा दोष नाही. त्यानंतर एइलिफ बोलेनासा झाला, आणि त्याच्या त्या न बोलण्यात मला राहवेना. इथे हे कुणाला माहीत नाही आणि कळायचं कारणही नाही. इथे मी बेकरीतली नवी बाई, गुनहिल्ड, बस्स.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे चारला बेकरी, अकराला सुटका. मालक घोड्यासारखा हसतो आणि माझ्या वेलदोड्याच्या बनना पहिल्याच दिवशी चांगलं म्हणाला. गिऱ्हाइकं चौकशा करतात. नवरा कुठे, पोरंबाळं किती. नवरा हामारला, पोरंबाळं नाहीत, असं मी एका दमात सांगते. दुसऱ्या दिवशीपर्यंत जमायलाही लागलं.

घरी आलं की बर्फाचे बूट काढायच्या आधीच ती ऊब अंगावर येते. शेगडीसारखी एका बाजूनं भाजणारी नाही, सगळीकडून सारखी. कोचावर पडले की पंख्याची गुणगुण ऐकू येते आणि डोळा लागतो. इथे मला झोप येते! डॉक्टरच्या गोळ्यांनी जे केलं नाही ते या पंपानं केलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

बाहेर उणे चौदा. करायला काही नव्हतं म्हणून ती पुस्तिका काढली.

पान नऊ. बाहेरच्या पंख्यातून येणाऱ्या हवेच्या थेट झोतात माणूस, जनावर किंवा रोप ठेवू नये. ही हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच थंड असते.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं माहीत नाही. कॉफी गार झाली, खिडकीत अंधार आला.

आमच्या देशात सगळेच बाळांना दुपारी बाहेर झोपवतात. माझी आई बाहेर झोपली, मी बाहेर झोपले. लोकरीचे दोन थर, पिसांची पिशवी, बाबागाडीचं हूड वर. दारातल्या थर्मामीटरवर उणे दहाच्या वर असलं की बाळ बाहेर. मोकळ्या हवेत बाळ चांगलं झोपतं, खोकत नाही, चांगलं जेवतं. बाळाला घरात झोपवणाऱ्या आईला लोक नावं ठेवतात.

त्या दिवशी उणे सहा होतं. मी दोनदा पाहिलं होतं. पुढच्या अंगणात वारा होता, म्हणून बाबागाडी घरामागे आडोशाला नेली. तिथे आमच्या घरच्या पंपाचा पंखा होता. त्याची गुणगुण सुरू झाली की सिवर्टचे डोळे मिटायचे, अंगाईची गरजच नसायची. पंप घर गरम करतो, तर त्याच्या जवळ जरा ऊबच असेल, असं वाटलं मला. धड विचारही केला नव्हता, नुसतं वाटलं. पंख्यासमोर हात धरून पाहिला असता तर कळलं असतं. हातात त्याची बाटली होती.

बाहेरच्या हवेतली ऊब शोषून घ्यायची आणि घरात सोडायची, हेच याचं काम. उरलेली हवा आणखी गार करून बाहेर फेकतो. बारा ते दोन. दोन तास तो झोत त्याच्या तोंडावर होता आणि मी आत बाही वर करून भांडी घासत होते. घर छान गरम होतं.

मी मारलं त्याला.

२४ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर लिहिलं नाही. बन बनवले, घरी आले, भिंतीकडे पाहत बसले.

एइलिफचा रविवारचा फोन आला. हवा कशी, रस्ता कसा, नेहमीचं. मी त्याला पान नऊ वाचून दाखवलं. मग म्हणाला की त्याला माहीत आहे. माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्या घरातली पुस्तिका वाचली होती आणि शेगडीत जाळली होती, माझ्या हाताला लागू नये म्हणून.

म्हणजे गेले नऊ महिने तो हे एकटा गिळत होता. तोंड उघडलं तर तेच बाहेर पडेल म्हणून बोलत नव्हता. आणि मला वाटत होतं, याला बायको नकोशी झाली. आम्ही दोघांनी एकमेकांना किती जपलं आणि कसं वाटोळं करून घेतलं!

मी विचारलं, मला दोष देतोस का. म्हणाला, गाडी तिथे नेताना मीच तर दार धरलं होतं, गुनहिल्ड.

ते मी विसरले होते. त्यानंच दार धरलं होतं. आम्ही दोघं फोनवर रडलो, पण वेगवेगळे. एकमेकांचं रडणं ऐकू नये म्हणून दोघांनीही फोन तोंडापासून लांब धरला होता.

३ डिसेंबर, मंगळवार

पंपात काहीतरी बिघाड आहे. एकवीसवर लावलाय, पण दुपारी खोलीत चोवीस, पंचवीस होतं. बाहेर उणे वीस. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक. फक्त दुपारी. आज घड्याळ लावून पाहिलं. बाराला चढायला लागतं, दोनला उतरतं.

चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी स्वतःला दटावलं. दुपारी ऊन येत असेल. पण नूरमोच्या या बाजूला डिसेंबरात ऊन येत नाही, डोंगर आडवा आहे.

९ डिसेंबर, सोमवार

आस्लाउगबाईंनी मेकॅनिक बोलावला. यार्ले नाव, लालबुंद नाक, तोंडाचा पट्टा चालू. बाराच्या सुमारास आला, नळ्यांना चिमटे लावले, पंख्यासमोर थर्मामीटर धरला, मग तो झटकून पुन्हा धरला. म्हणाला, बिघाड काहीच नाही, उलट या थंडीत असा पंप जितकी ऊब देऊ शकतो त्याच्या दुप्पट देतोय. बाहेरच्या हवेत एवढी ऊबच नाही, मग आणतो कुठून? आणि आस्लाउगबाईंकडे पाहून, म्हातारे, भिंतीमागे गाय बांधलीयस का? बाई म्हणाल्या, गाय नाही, तुझ्यासारखा बैल बांधणार होते, पण चारा परवडेना.

मीही हसले. मग यार्ले झाकण लावताना सहज म्हणाला की यंत्राला कळत नाही ऊब कुणाची, समोर जे असेल त्यातून ओढून घेतं.

तो गेल्यावर मी कोचावर बसले. वरून ऊब येत होती. तिला वास होता. ओल्या लोकरीचा आणि आंबटसर दुधाचा.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज दिव्यांचा सण, बेकरीत केशराचे बन, दोनशेच्या वर. शाळेतली मुलं डोक्यावर मेणबत्त्यांचे मुकुट घालून गात आली. मी मागच्या खोलीत जाऊन पिठाच्या गोणीवर बसून राहिले.

रात्रभर बर्फ पडला होता. घरी येऊन पंख्यासमोरचा बर्फ काढायला फावडं घेतलं. तिथे बर्फ नव्हता. बाबागाडीएवढा मोकळा चौकोन, आणि त्याच्या चार टोकांना चार चाकांचे ठसे. ठसे येताना नाहीत, जाताना नाहीत.

आस्लाउगबाईंची बर्फावर घसरणारी ढकलगाडी असेल. नक्की तीच. पण तिला चाकं नसतात, लोखंडी पट्ट्या असतात.

१९ डिसेंबर, गुरुवार

दुपारी पाऊण वाजता पंखा थांबला, सुस्कारा टाकून वाफ सोडू लागला, रोजच्यासारखा.

गुणगुण बंद झाली आणि तो जागा झाला.

मी त्याचं रडणं ओळखते. आधी दोन उचक्या, मग एक लांब हाक. पान्हा फुटला. दहा महिन्यांनी. कपडे ओले झाले.

तशीच मोज्यांवर बाहेर पळाले. भिंतीपाशी पांढरी वाफ होती, बाकी काही नाही. चार मिनिटांनी पंखा फिरू लागला आणि रडणं थांबलं. झोपला.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज बाराला मी पंप बंदच केला. ओढूच नको म्हटलं, त्याची ऊब त्याला राहू दे.

तो रडला. पहिल्यांदा भुकेचं, मग घाबरल्याचं, मग ते बारीक, दमलेलं, जे आईनं ऐकू नये. सव्वा तास. मी भिंतीला हात लावून गात होते, पण भिंतीतून त्याला काय ऐकू जाणार. शेवटी आवाज इतका कमी झाला की मला भीती वाटली. पंप लावला. गुणगुण सुरू झाल्याबरोबर झोपला.

चालू ठेवला तर त्याची ऊब ओढतो. बंद केला तर तो थंडीत जागा. मी करू काय?

पंचवीस झालंय खोलीत. ही ऊब त्याची आहे. मी आल्यापासून त्याच्या अंगातली ऊब पांघरून झोपतेय, आणि लिहिलं काय, तर मला इथे झोप येते!

२४ डिसेंबर, मंगळवार

सणाचं जेवण आस्लाउगबाईंकडे, सकाळी लवकरच. डुकराच्या बरगड्या, आंबट कोबी, उकडलेले बटाटे. त्यांनी यजमानांच्या गोष्टी सांगितल्या, आम्ही छोटे दोन-दोन पेले घेतले. मला बरं वाटायला लागलं होतं, खरंच.

दुपारचे बारा वाजत आले तशी मी उठले. त्या दारापर्यंत पोचवायला आल्या, डोळे बारीक करून माझ्या घराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, पोरी, तुमच्या शहरातली रीत मला ठाऊक नाही, पण आज उणे पंचवीसच्या खाली आहे, त्या लेकराची गाडी आत घे ना.

मी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, रोजच तर दिसते, निळी. मी विचार करत होते, हिनं सांगितलं का नाही. नसेल बाप, तर काय झालं, मी काही खाऊन टाकणार नाही.

सिवर्टची गाडी निळीच होती.

५ जानेवारी, रविवार

आता मलाही दिसते.

आज वाफ विरली तेव्हा दिसली. हूडला माझा टाका आहे, पांढऱ्या दोऱ्याचा, कारण निळा मिळाला नव्हता. आत तो. ओठ—

हात घातला. पिसांची पिशवी उबदार आणि तो गार. असं कसं? पांघरूण उबदार आणि माझं बाळ दगडासारखं गार.

एइलिफचा फोन वाजत राहिला. घेतला नाही.

८ जानेवारी, बुधवार

आत आणायचा प्रयत्न केला. बाबागाडी ढकलत भिंतीच्या कडेनं आले, अंगणातून, पायरीपर्यंत. तो झोपेत हुंकारत होता. उंबऱ्यावर चाक चढवलं आणि हातात काहीच नाही. हवा. मुठी तशाच वळलेल्या.

भिंतीमागे रडायला लागला. दोन उचक्या, मग ती हाक.

तीनदा केलं. तीनदा त्याला उठवलं. चौथ्यांदा नाही केलं. आई आहे मी.

११ जानेवारी, शनिवार

यार्ले बरोबर म्हणाला होता. समोर जे असेल त्यातून ओढतं.

आज मी समोर बसले. दुधाच्या बाटल्यांचा क्रेट उलटा घालून, पंख्याकडे पाठ करून, बाबागाडी माझ्या पुढ्यात. झोत सगळा माझ्या पाठीवर. पहिल्या पाच मिनिटांत ओरडावंसं वाटलं. मग सवय झाली.

दीड वाजता त्याच्या गालाला हात लावला. गार होता, पण कालच्यासारखा नाही. ओठांवर रंग आलाय, थोडासा.

आत गेले तर खोलीत अठ्ठावीस. त्यातली थोडी माझी. त्याची कमी. त्याची कमी!

१४ जानेवारी, मंगळवार

बेकरीतून घरी पाठवलं. डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडलीत, पीठ कळत नाही. मालक हसला नाही. डॉक्टरकडे जा म्हणाला.

आस्लाउगबाई काठी आपटत आल्या. म्हणाल्या, रोज दोन तास तिथे काय बसतेस, मरायचंय का तुला? मी म्हटलं, गाडी आत येत नाही. त्या काठी भिंतीला टेकवून माझ्याजवळ बसल्या. मग हळूच विचारलं, किती महिन्यांचा होता? 'होता', असं म्हणाल्या. त्यांना कळलं. माझा हात त्यांनी स्वतःच्या काखेत धरला, बराच वेळ. त्यांचंही एक गेलंय, चाळीस वर्षांपूर्वी, तापानं. मला दिसला नाही गं कधी, म्हणाल्या. आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात—

हेवा होता.

१६ जानेवारी, गुरुवार

बाईंनी एइलिफला कळवलं. त्याचा फोन. शनिवारी येतो, तोवर बाहेर बसू नकोस. शपथ घे. मी म्हटलं, कुणाची घेऊ?

तो म्हणाला, घर बदलू, पंप नसलेलं घर शोधू. मी म्हटलं, आणि त्याला इथे ठेवून जाऊ? तो गप्प. आधीसारखाच गप्प.

आज गाल कोमट होता. खरंच कोमट. आणखी दोन दिवस.

१७ जानेवारी, शुक्रवार

डोळे उघडत होता, पंखा चालू असताना. पुन्हा मिटले. थोडं कमी पडलं. माझ्यात थोडं कमी पडलं. उद्या कोट काढून बसते.

१८ जानेवारी, शनिवार

सव्वाबारा. उणे सत्तावीस. पेन गोठलं, पेन्सिल आहे. उजव्या हाताची तीन बोटं चालतात, तेवढी पुरे.

कोट त्याच्या पायांवर घातलाय. थंडी वाजत नाही आता. मघाशी वाजत होती.

गाल गुलाबी. श्वासाची वाफ दिसतेय, एवढीशी. श्वास आहे—

बाई खिडकीत. काच ठोकताहेत. येऊ नका. दार उघडलंत तर तो—

मोटारीचा आवाज. एइलिफ.

टोपी न घालता आलाय, नेहमीसारखा. धावतोय. ऊठ, गुनहिल्ड, ऊठ, असं ओरडतोय. काखेत हात घातले, मला उचल—

थांबला.

बाबागाडीत बघतोय. मी काही सांगितलं नाही. नावही घेतलं नाही.

हातमोजे काढले त्यानं. दोन्ही. बर्फात पडले. कोट काढतोय. बसला माझ्याशेजारी, पंख्याकडे पाठ करून. खांद्याला खांदा. रडतोय, मोठ्यानं, माझ्यासमोर. पहिल्यांदा—

सिवर्ट उठला. रडत नाही. बापाचं बोट धरलंय घट्ट आणि आता माझ्याकडे बघ—